हात बसेपर्यंतची गाडी

नाशिकमध्ये कुणाला गाडीबद्दल सल्ला विचारू नये. विचारलाच तर दुपारचा चहा, रात्रीचं जेवण आणि मधला सगळा वेळ मोकळा ठेवावा. या गावाच्या दोन पिढ्या सातपूर-अंबडच्या शेडमध्ये घडल्या आहेत. कुणी मायकोत डिझेलचे नोझल केले, कुणी महिंद्रात बॉडी वेल्ड केली, कुणी सिएटमध्ये टायर काढले आणि उरलेल्यांनी या तिघांना लागणारे सुटे भाग पुरवले. मायकोचं बॉश होऊन किती वर्षं झाली, तरी चौक मायको सर्कलच राहिला आणि तिथून निवृत्त झालेला माणूस मायकोवालाच. अशा गावात मी, पंचेचाळिशीतली, कॉलेजपासून स्कूटरवर फिरलेली बाई, ‘पहिली गाडी घ्यायचीय, बजेट बेताचं आहे’ असं बोलून बसले.

भाच्याने सनरूफशिवाय गाडी म्हणजे काय गाडी, असं तोंड केलं. दिराचं म्हणणं, घ्यायची तर एकदाच घ्या वहिनी, मोठी घ्या, पुन्हा पुन्हा होत नाही. ऑफिसातल्या एकाने थार सुचवली, कारण ती आपल्याच सातपुरात बनते. नोटाही आपल्याच नाशिकरोडला छापतात, त्या कुठे घरपोच येतात, असं मी म्हणाले. तो विषय तिथेच संपला.

सगळे बोलत होते ते आपुलकीनेच. पण प्रत्येकजण मला दहा वर्षांनी शोभेल ती गाडी सांगत होता. आज मला काय चालवता येतं, हे कुणीच विचारलं नाही. आणि आज मला फारसं काही येत नव्हतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. आपण स्टिअरिंग धरून ‘जमतंय की’ म्हणत असतो आणि खाली गाडी भलताच माणूस चालवत असतो. पेठ रोडच्या आरटीओत चाचणी होते, लायसन्स पोस्टाने घरी येतं, त्यावर त्या दुसऱ्या पायांचा उल्लेख नसतो. खरं शिकणं त्यानंतरचं, स्वतःच्या गाडीत, शेजारच्या सीटसमोर नुसतं मॅट अंथरलेलं असताना.

म्हणून मी ठरवलं की ही गाडी घरासाठी नाही, हातासाठी घ्यायची. हात बसेपर्यंतची. तीन-चार वर्षं वापरायची, मग पुढचं पुढे.

हे सुचायला आमच्या सोसायटीचं पार्किंग कारण झालं. तिथे कव्हर घातलेल्या गाड्यांची एक रांग आहे. दादरा बांधून फडताळात ठेवलेल्या लोणच्याच्या बरण्यांसारख्या त्या उभ्या असतात. रविवारी धुणारा मुलगा येतो, कव्हर काढतो, पुसतो, पुन्हा घालतो. त्यांतल्या बऱ्याच जणांची ती पहिलीच गाडी. दसऱ्याला घेतलेली, टॉप मॉडेल, सात वर्षांचे हप्ते. बाहेर काढायची म्हटलं की आधी आठवतो तो मेनरोड, मग दहीपूल, मग रविवार कारंजावरची रिक्षांची गर्दी, आणि मग माणूस म्हणतो, जाऊ दे, ॲक्टिव्हाच काढतो. गाडी महाग असली की ओरखडाही महाग होतो. ओरखड्याची भीती वाटली की गाडी निघत नाही, निघाली नाही की हात बसत नाही आणि हात बसला नाही की भीती जात नाही. उभ्या गाडीला विमा चुकत नाही, बॅटरी उतरायची थांबत नाही आणि हप्ता तर महिन्याच्या महिन्याला येतोच.

हप्त्याचा हिशेब मी पेन घेऊन केला, कारण मी हिशेबखात्यातच आहे. पाच लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, सात वर्षं. हप्ता साधारण ८,०४५ रुपये, आणि सात वर्षांत भरायचे पावणेसात लाखांच्या किंचित वर. तेच पाच वर्षांत फेडलं तर हप्ता १०,३८०च्या आसपास, एकूण सव्वासहा लाखांच्या आत. विकणारा नेहमी सात वर्षांचाच हप्ता सांगतो, कारण तो आकडा कानाला गोड लागतो. त्यात एक्स-शोरूम, म्हणजे नुसत्या गाडीची किंमत, आणि ऑन-रोड, म्हणजे रस्त्यावर आणेपर्यंतची, यांतलं अंतर. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ता कर आहे, म्हणजे सहा लाखांच्या गाडीला ६६ हजार रुपये. वर विमा, त्यात थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीची, एकदम तीन वर्षांची, कारण २०१८ पासून नव्या गाडीला ती तशीच घ्यावी लागते. शिवाय फास्टॅग, नोंदणी, ॲक्सेसरीजचं पॅकेज. सीटकव्हर आणि मडफ्लॅप यांना पॅकेज म्हणायची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला नमस्कार.

याच सुमारास, २२ सप्टेंबर २०२५ ला, बरोबर घटस्थापनेच्या दिवशी, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक एक टक्का सेस होता तो १८ टक्क्यांवर आला. म्हणजे कर धरून १२९ रुपयांना पडणारी वस्तू ११८ ला. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना हा फायदा. शोरूममध्ये झेंडूची तोरणं आणि पाय ठेवायला जागा नाही. भाचा म्हणाला, ‘मावशी, आता तरी नवी घे.’ मोह झालाच. नव्या ऑल्टोला सुद्धा आता सहा एअरबॅग येतात, वॉरंटी असते, आणि नव्या गाडीचा तो वास! पण करकपातीने सेकंडहँडचे भावही खाली ओढले होते, कारण नवी स्वस्त झाल्यावर जुनीला कोण जास्त देणार? विम्याच्या ठरलेल्या तक्त्यात गाडी सहा महिन्यांची होईपर्यंत पाच टक्के घसारा, वर्षाची होईपर्यंत पंधरा, आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला थेट पन्नास. बाजार इतका उदार नसतो. तरी पहिल्या तीन-चार वर्षांचा मोठा फटका दुसऱ्या कुणीतरी सोसलेला असतो. तो कुणीतरी मी असण्याची मला काही हौस नव्हती.

सीएनजीचं उत्तर हिशेबानेच दिलं. नव्वद हजारांच्या आसपास जास्त द्यायचे, किलोमीटरमागे दोन-अडीच रुपये वाचतात असं धरायचं, म्हणजे पैसे वसूल व्हायला ३६ ते ४५ हजार किलोमीटर चालायला हवं. माझं वर्षाचं चालणं पाच-सहा हजार. वर टाकी डिक्की खाते आणि पंपावर रांग. रोज अंबडहून सिन्नरला जाणाऱ्याने जरूर घ्यावी. डिझेलचा प्रश्नच नव्हता. एप्रिल २०२० मध्ये धुराचे बीएस-६ हे कडक नियम आले तेव्हा छोट्या डिझेल गाड्या जवळपास बंदच झाल्या. आमच्या सोसायटीतले मायकोवाले काका याचं दुःख अजून विसरलेले नाहीत.

ऑटोमॅटिकबद्दल मात्र बरेच दिवस घोळत होते. २०१४ साली सेलेरिओने एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी सोय, आणली तेव्हापासून छोट्या गाड्यांतही क्लचपासून सुटका मिळते. शिकाऊ माणसाने ऑटोमॅटिक घेतली की ‘बायकांची गाडी’ म्हणणारे लोक आहेत. अशांना होळकर पुलावरून मालेगाव स्टँडच्या चढाला लावावं, पुढे सिटीबस, मागे टेम्पो, आणि हाफ क्लचवर उभं राहायला सांगावं. ज्याला क्लचची इतकी धास्ती आहे की गाडीच सोडून द्यावीशी वाटते, त्याने खुशाल ऑटोमॅटिक घ्यावी. मला ती माझ्या पैशांत, मला हव्या त्या वर्षाची मिळेना, म्हणून मी गिअरची घेतली.

‘मला हवं ते वर्ष’ म्हणजे काय, हे थोडं सांगायला हवं, कारण सेकंडहँड घेणारे रंग आणि किलोमीटर बघतात, वर्षाकडे किमतीपुरतंच पाहतात. एप्रिल २०१९ पासून गाड्यांना एबीएस, म्हणजे करकचून ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारं, सक्तीचं झालं, जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, आणि २०२१ संपता संपता शेजारच्या सीटचीही. म्हणजे २०१७ ची आणि २०२१ ची अशा एकाच नावाच्या दोन गाड्या शेजारी लावल्या, तर त्या बाहेरून बहिणी आणि आतून परक्या निघू शकतात. नवशिक्याचा पाय ब्रेकवर एकदम आणि पूर्ण पडतो. एबीएस नेमकं तेव्हासाठीच असतं. बजेट कमी पडलं तर सनरूफ सोडा, टचस्क्रीन सोडा, अलॉय सोडा, पण २०१९ च्या मागे जाऊ नका, असं मी आता कुणीही विचारलं की सांगते. न विचारताही सांगते. मीही नाशिकचीच.

शेवटी दोनच नावं उरली, वॅगनआर आणि टियागो. गाडी घ्यायचं खरं निमित्त आईचे गुडघे होते. तिला स्कूटरवर मागे बसवत नाही आणि नाशिकरोडहून गंगापूर रोडच्या डॉक्टरांकडे दर वेळी रिक्षाने आणणं परवडत नाही. वॅगनआर उंच. आई त्यात चालत गेल्यासारखी शिरली आणि म्हणाली, ‘हीच घे.’ टियागो खाली, वाकावं लागतं. उलट ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत २०१९ मध्ये वॅगनआरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी दोन तारे मिळाले होते आणि २०२० च्या जानेवारीत टियागोला चार. दोन्ही चाचण्या जुन्याच नियमांच्या, म्हणजे पट्टी एकच. २०२२ मध्ये नियम कडक झाले आणि २०२३ मध्ये वॅगनआर पुन्हा तपासली तेव्हा एकच तारा पडला. शहरात चाळीसच्या वेगाने जाणाऱ्याला ताऱ्यांचं काय, असं भाऊ म्हणाला. पण आमचं शहर कसलं शहर? मुंबई-आग्रा महामार्ग पोटातून जातो, द्वारका चौकात कांद्याचे ट्रक आणि आपण एकाच सिग्नलला उभे असतो. धडकायची जास्त शक्यता कुणाची, मुरलेल्याची की माझ्यासारखीची?

तिढा आईनेच सोडवला. ओळखीच्या एकांची टियागो होती, तिचं दार पूर्ण उघडून तिने आधी पाठ फिरवली, हाताने चौकट धरली, सीटवर बसली आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घेतले. ‘आधी बूड, मग पाय,’ ती म्हणाली. फिजिओथेरपीवालीने तिला पलंगासाठी हेच शिकवलं होतं.

त्याच वेळी मला आणखी एक गोष्ट कळली, जी शोरूममध्ये कुणी आपणहून सांगत नाही. माझी उंची पाच फूट. चालकाच्या सीटची उंची वर-खाली करायची सोय बहुतेक छोट्या गाड्यांच्या बेस मॉडेलला नसते. ती नसली की मला बोनेट दिसत नाही, समोरचा कोपरा अंदाजाने घ्यावा लागतो. उशी ठेवावी तर पाय क्लचपर्यंत नीट जात नाही. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे आणि बोनेटची कड दिसली पाहिजे. या दोन गोष्टी जमल्या तरच पुढचं बोलायचं. मॉडेलची निवड माझ्यापुरती तिथेच झाली. वरचं व्हेरिएंट, सीट उचलणारं, बाकी त्यात काय काय आहे ते घेतल्यावर पाहू.

गाड्या बघायला मायकोवाले काका बरोबर यायचे. काका कमी बोलतात आणि सकाळीच जातात, विकणाऱ्याने गाडी चालू करायच्या आधी. पोचल्या पोचल्या नमस्कार नाही, चमत्कार नाही, हात बोनेटवर. गरम लागलं की काका मान हलवून म्हणणार, ‘तापवून ठेवलीय.’ थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं आणि मागून कसला धूर येतो, हे त्यांना ऐकायचं-बघायचं असतं. मग ऑइलचं झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूला पांढरट साय आहे का ते पाहतात. मग गाडीभोवती एक फेरी, दारांमधल्या फटींवर बोट फिरवत. बोनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघतात. पान्याने रंग उडालेला असला तर बोनेट किंवा मडगार्ड कधीतरी उतरलेलं आहे, म्हणजे पुढून ठोकर आहे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी बावीस हजार चालली म्हणणाऱ्याचे चारही टायर बदललेले दिसले की काका काही बोलत नाहीत, नुसते क्लचच्या पॅडलकडे बोट दाखवतात. पॅडलचं रबर गुळगुळीत असतं. मीटर मागे नेता येतं, रबर नाही.

सगळ्यात लक्षात राहिलं ते सीटबेल्टचं. एका चकचकीत पांढऱ्या गाडीत काका बसले आणि बेल्ट ओढत राहिले, ओढत राहिले, अगदी शेवटापर्यंत. एरवी तेवढा बेल्ट कधी बाहेर येतच नाही. शेवटच्या हातभर पट्ट्यावर फिकट मातकट रेघ होती. मग त्यांनी डिक्कीचं कार्पेट उचललं, स्टेपनी काढली, खालच्या खळग्यात बोट घातलं. बोटाला बारीक गाळ. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावर पूर मोजणारं आपलं गाव. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ ला गोदावरीने काय केलं ते सगळ्यांना आठवतं, आणि घाटावर लावलेल्या गाड्या पाण्यात गेल्याचे फोटो पावसाळ्यात पेपरात येतात. त्या गाड्यांचं पुढे काय होतं, हा विचार मात्र तोपर्यंत माझ्या मनात आला नव्हता. धुतात, सुकवतात, पॉलिश मारतात आणि ‘लेडीज ड्रिव्हन, शोरूम कंडिशन’ म्हणून विकतात. बाहेरून काही कळत नाही, वायरिंग दोन पावसाळ्यांनी बोलायला लागतं.

दिल्ली पासिंगच्या गाड्याही दाखवल्या गेल्या. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना कोर्टाने मनाई केली होती, म्हणून मुदत भरत आलेल्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. किंमत ऐकून डोळे चमकतात. मग एनओसी, इथे पुन्हा भरायचा कर, नंबर बदलणं, हे सगळं जोडलं की चमक जाते. मी नाशिकचीच, एमएच-१५ नंबरची, घ्यायची ठरवलं. पहिल्याच गाडीला दोन राज्यांच्या आरटीओत चकरा कशाला?

घेतली ती २०२१ ची टियागो, एकाच मालकाने वापरलेली, पेट्रोल, सव्वाचार लाखांत. मालक इंदिरानगरचे, निवृत्त. सर्व्हिसची सगळी बिलं फाइलला लावलेली. मला गाडीपेक्षा ती फाइलच आधी आवडली. काकांनी एकच खोट काढली. ‘तीन सिलिंडर आहे, उभी असताना थरथरते.’ थरथरते खरी. पण सिग्नलला मी पण थरथरायचे, त्यामुळे आमचं जमलं.

कागदांचं थोडक्यात सांगते. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५ आणि ना हरकत, थकलेले ई-चलन आहेत का ते नंबर टाकून बघणं. चलन गाडीच्या नंबरावर असतं, मालक बदलला तरी. विमा आपल्या नावावर करायला चौदा दिवस असतात, आणि नो क्लेम बोनस जुन्या मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. त्यामुळे विम्याचा थोडा फरक भरावा लागतो. सेकंडहँडच्या कर्जाला व्याजही नव्या गाडीपेक्षा जास्त पडतं, म्हणून मी एक एफडी मोडली आणि कर्ज अगदी थोडं ठेवलं. एफडी मोडताना नवरा काही बोलला नाही. त्याला गाडी येत नाही, आणि बहुतेक यायलाही नकोय.

सुरुवात गंगापूर रोडने केली, पहाटे, सोमेश्वरच्या पुढे, धरणाकडे. तिथे त्या वेळी चालायला आलेले लोक आणि दुधाच्या मोटरसायकली एवढंच असतं. मग आठ वाजताचा कॉलेज रोड. मग ऑफिस, आधी ज्या दिवशी लवकर निघायचं असेल तेव्हा, मग रोज. डाव्या मागच्या दारावर एक ओरखडा आहे, तो आधीच्या मालकाचा. तो असल्याचं मला फार बरं वाटतं. पहिला ओरखडा कोण पाडणार याची वाट बघायची नव्हती. डेंट-पेंटवाला म्हणाला, ‘ताई, करून टाकू का?’ म्हटलं, राहू दे, दोन वर्षांनी सगळे एकदम करू.

काकांची स्वतःची सेडान अजून कव्हरखालीच असते. परवा ते विचारत होते, नाशिकरोडला कधी जाणारेस, मलाही पोस्टात काम आहे.

आईच्या मागण्या आता वाढल्या आहेत. डॉक्टर झाले, मुक्तिधाम झालं, बहिणीकडे देवळाली कॅम्पला झालं. आता तिला वणीला जायचंय, सप्तशृंगी गडावर. तिला सांगितलंय, नांदुरीपर्यंत मी नेईन. पुढचा घाट एसटीने. ती म्हणाली, एवढी गाडी घेतलीस आणि एसटीने? म्हटलं, हो, गाडी घेतलीय, घाट अजून घेतला नाही. ती रुसली आहे, आणि मी चैत्रोत्सवाची गर्दी टाळून मंगळवार सोडून कुठला वार धरायचा, ते बघतेय.